तीनशे वर्षांच्या माणसाचा आवाज

रक्त पिण्याचा आवाज टोमॅटोने काढतात. टोमॅटो गरजेपेक्षा जास्त पिकलेला हवा, सालीला सुरकुत्या पडलेला. देठाच्या बाजूने दाताने भोक पाडायचं, माइक ओठांजवळ ओढायचा आणि आतला गर हळूहळू शोषून घ्यायचा. गिळताना घशाचा आवाज आला तर उत्तम. बिया दातांत अडकतात, रस हनुवटीवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून बंद खोलीत पंखा लावता येत नाही, त्यामुळे आंबूस वास दिवसभर तिथेच कोंडून राहतो.

छप्पन्न वर्षांच्या एका बाईने हे काम एका दुपारी पुन्हा पुन्हा केलं. काचेपलीकडे बसलेल्या संपादिकेला आवाज पुरेसा ओला वाटत नव्हता. अजून थोडं ओलं हवंय ताई, ती म्हणत होती, त्याला कित्येक शतकांची तहान आहे. बाईने हनुवटी पुसली, पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकली आणि नवा टोमॅटो उचलला. त्या दिवसापासून तिच्या घरात टोमॅटो येत नाही.

तिला गल्लीत सगळे रेडिओबाई म्हणतात. रेडिओ केंद्र बंद पडून जमाना झाला, तिथल्या इमारतीत आता गाद्यांचं दुकान आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तरुणपणी तिने तिथे हवामान वाचलं, बाजारभाव वाचले, मुलांच्या गोष्टी वाचल्या. केंद्र बंद झाल्यावर ती बोलक्या पुस्तकांकडे वळली. लोक आता पुस्तक डोळ्यांनी वाचण्याऐवजी फोनवर ऐकतात आणि ते कोणीतरी वाचून दाखवावं लागतं. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, आवाज मात्र वयाला पुरून उरला. अजूनही अनोळखी माणसाचा फोन आला की पलीकडून विचारणा होते, बाळ, घरात मोठं कोणी आहे का? ती म्हणते, आहे की, आई आहे, ब्याऐंशी वर्षांची, देऊ का?

एका पुस्तकात वीस-पंचवीस माणसं बोलतात. वाचणारी एकच असते. तेव्हा प्रत्येकाला निराळा आवाज द्यावा लागतो आणि तो आवाज हवेतून येत नाही, कोणाचा तरी उचलावा लागतो. रेडिओबाईच्या गोष्टींतला कोल्हा म्हणजे दूध केंद्रावरचा कारकून. राजा म्हणजे तिचा दातांचा डॉक्टर, कारण तो प्रत्येक वाक्य रुग्णाचं तोंड उघडं असल्यासारखं एकटाच पूर्ण करतो. म्हाताऱ्या बायका म्हणजे सगळ्या तिची आई. रेडिओवरच्या जुन्या निवेदकाने तिला सुरुवातीलाच बजावलं होतं की आवाज उसना घ्यायला हरकत नाही, पण कोणाचा घेतोय ते आधी स्वतःशी ठरवायचं. ती हे कटाक्षाने पाळत आली होती. एकदा चुकली.

संपादिकेने आणलेली कादंबरी चार भागांची होती. कॉलेजातली एकोणीस वर्षांची मुलगी, जी चेटकीण आहे पण तिला ते ठाऊक नाही. तिच्याच वर्गात तीनशे बारा वर्षांचा व्हॅम्पायर, दिसायला विशीतला. तो तिच्यावर प्रेम करतो. म्हणजे काय करतो, तर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिच्या केसांचा वास घेतो. ती झोपली की खिडकीतून आत येतो आणि खुर्चीत बसून तिच्या हृदयाचे ठोके ऐकतो. ती मैत्रिणीकडे गेली तर मैत्रिणीच्या गच्चीवर उभा राहतो. तिचं बोट कापलं तर पट्टी बांधण्याआधी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहतो आणि त्याच्या तोंडात लाळ जमते, असं लेखिकेने लिहिलं होतं. लाळ हा शब्द पहिल्या भागात इतक्या वेळा येतो की रेडिओबाईला दुपारचा डबा उघडवेना.

काचेपलीकडे यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणतात. अगडबंब देह, निवृत्तीला टेकलेला, बोलणं कमी. वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुरही त्याला ऐकू येते आणि तो ती मिटवून टाकतो. रेडिओबाईने त्याला विचारलं की तीनशे वर्षांत या माणसाची पदवी कशी झाली नाही. कानसेन म्हणाला, गणित राहिलं असेल.

पण वाचणाऱ्याने पुस्तकाला नाक मुरडायचं नसतं. स्वयंपाक्यानेच पानावर बसून भाजीला नावं ठेवायची का? तिने काम घेतलं. नायिकेच्या मैत्रिणीला भाचीचा आवाज दिला, म्हाताऱ्या चेटकिणीला आईचा. व्हॅम्पायरचा आवाज मात्र तिला शोधावा लागला नाही. पहिलंच वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि तो आला. खालच्या पट्टीतला, सावकाश, शब्दांमध्ये जागा सोडणारा, कधीच न चढणारा. कानसेनने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि विचारलं, हा कुठून काढलात? आला आपोआप, ती म्हणाली. खुशीत होती. इतका सहज आवाज तिला वर्षानुवर्षांत लागला नव्हता.

पुस्तक तुफान चाललं. मुली ते रस्त्यात ऐकत, बसमध्ये ऐकत, उशीवर डोकं ठेवून ऐकत. संपादिकेने मोठ्या कौतुकाने सांगितलं की कितीतरी मुलींना त्या आवाजाशिवाय झोप येत नाही.

त्यातली एक रेडिओबाईच्या घरातच होती. भावाची मुलगी, कॉलेजसाठी आत्याकडे राहायला आलेली. लहानपणी चणीने बारीक म्हणून तिला टिल्ली म्हणत. आता ती आत्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी टिल्लीच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आतल्या खोलीत आजीचा पलंग, बाहेरच्या खोलीत आत्या आणि भाचीच्या गाद्या. घरात आल्या आल्या टिल्ली कानांत फोनची बोंडं खुपसायची ती जेवायला हाक मारली तरी काढायची नाही. ज्या तोंडाने आत्या पुस्तक वाचून आली त्याच तोंडाने जेवायला बोलावते आहे, ही गंमत तिला कळत होती. आत्या, तू नको बोलूस, तो बोलतोय, असं म्हणून ती हसायची.

कॉलेज सुटल्यावर ती नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत काम करायची. चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, मागचा पडदा निळ्याचा पांढरा करायचा, असलं काम. स्टुडिओचा मालक सदतीस वर्षांचा, एकटा. आधी तो तिला शिकवायचा, मग सोडायला यायचा, मग घ्यायलाही. त्याने तिच्या फोनचा परवलीचा शब्द मागून घेतला होता आणि तिने तो दिला होता, आपल्यात काय लपवायचंय म्हणून. तो तिला म्हणाला होता की मी सगळ्या गावाचे चेहरे दुरुस्त करतो, तुझ्यावर मात्र हात फिरवणार नाही, तू आहेस तशीच मला हवी आहेस. टिल्लीने हे वाक्य आत्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा रेडिओबाईला ते कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. वाचलं नव्हतं, पण तिसऱ्या भागात खपून गेलं असतं.

तिला तो माणूस आवडला नव्हता. का, ते सांगता येत नव्हतं. त्याच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. नाकातून येणारा पातळ आवाज, घाईघाईचं बोलणं, मधूनच शिंक आल्यासारखं हसणं. असल्या आवाजाचं माणूस निरुपद्रवी असतं, असा तिचा अनुभव होता. आवाजांबाबत तिला स्वतःच्या अनुभवाचा फार भरवसा होता.

मग एका संध्याकाळी टिल्लीच्या कानातलं एक बोंड बिघडलं. कपड्यांना इस्त्री करायची होती म्हणून तिने फोन फ्रिजवर ठेवून आवाज मोठा केला. रेडिओबाई गॅसपाशी होती. फ्रिजवरून तीनशे बारा वर्षांचा माणूस म्हणाला, "झोप तू. मी आहे इथे."

आतल्या पलंगाची करकर झाली. भिंतीला धरत धरत आई दारात आली. तिला आता धड दिसत नाही आणि गेलेली माणसं नि असलेली माणसं यांच्यात तिचा घोळ होतो, पण कान शाबूत आहेत. तिने केसांवरून हात फिरवला, चेहऱ्यावर पाहुण्यांसमोरचं हसू आणलं.

"जावईबापू कधी आले?" ती म्हणाली. "मला कोणी सांगायचं नाही का? चहा टाक त्यांना."

टिल्ली हसता हसता खाली बसली. आजी, अगं तो व्हॅम्पायर आहे, ती म्हणत होती. इस्त्रीखाली बाही करपल्याचा वास आला. रेडिओबाईने आधी इस्त्री उचलली, मग फोन बंद केला, मग आईला आत नेऊन बसवलं. हे सगळं तिने नीट केलं. त्यानंतर ती मोरीत गेली आणि तिला उलटी झाली.

जावईबापू म्हणजे विमा एजंट. आठ वर्षांपूर्वी वारला. रेडिओबाईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी त्याच्याशी झालं तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि त्या आवाजावर माणसं सही करायची. तो कधी ओरडला नाही. कधी हात उगारला नाही. ती बाहेरून आली की जवळ घेऊन तिच्या केसांचा वास घ्यायचा आणि हळूच विचारायचा, कोणाकडे गेली होतीस, तळणाचा वास येतोय. ती जागी व्हायची तेव्हा तो पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलेला असायचा. तिने दचकून विचारलं की म्हणायचा, झोप तू, मी आहे इथे. सुरुवातीला तिने हे मैत्रिणींना अभिमानाने सांगितलं होतं. मग मैत्रिणी राहिल्या नाहीत, कारण त्याला त्या आवडत नव्हत्या, आणि हेही त्याने फार प्रेमाने सांगितलं होतं.

ती दोनदा माहेरी निघून आली. दोन्ही वेळा तो मागोमाग आला, बाहेरच्या खोलीत बसला, आईशी बोलला. किती समजूतदार माणूस, आई म्हणाली, गोड बोलतो, पगार हातात आणून देतो, मारत नाही, पीत नाही, आणखी काय पाहिजे तुला? दोन्ही वेळा आईने तिला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेली नाही, रेडिओवरच्या एका सहकारणीच्या खोलीवर गेली आणि मग परत जाण्याचा प्रश्न राहिला नाही. आईला पुढे तिच्याचकडे राहायला यावं लागलं. या विषयावर दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा रेडिओबाईने फोनवर बरं म्हटलं आणि गॅसवरची डाळ ढवळायला घेतली. विषय मिटला असं तिला वाटलं.

मिटला नव्हता, तिच्याच घशात राहत होता. तीन भाग तिने त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं होतं आणि वर आपल्या कामावर खूश झाली होती. एकोणीस-वीस वर्षांच्या हजारो मुली त्याला उशाशी घेऊन झोपत होत्या. शिसारी तिला आता पुस्तकाची नव्हती. तिने दात घासले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, पुन्हा दात घासले. ती नंतर कानसेनला म्हणाली की दुसऱ्याची वापरलेली कवळी चुकून तोंडात घातल्यासारखं वाटतंय, काढली तरी चव जात नाही.

चौथा भाग वाचायचा राहिला होता. तिने संपादिकेला भेटून नायकाचा आवाज बदलते म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. संपादिका वाईट बाई नव्हती, पण तिला यात विचार करण्यासारखं काही दिसेना. तीन भाग एका आवाजात आणि चौथा दुसऱ्या, असं कसं चालेल, मुली त्या आवाजाच्या प्रेमात आहेत, ताई, आपण सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापायला बसलोय का? शब्दही बदलायचा नाही, आवाजही बदलायचा नाही, असं ठरलं होतं आणि ते खरंच ठरलं होतं. रेडिओबाई परत यंत्राच्या खोलीत आली. कानसेनने विचारलं नाही, तिनेच आवाज कोणाचा ते सांगितलं. तो म्हणाला, मला यंत्रातून पोटाची गुरगुर काढता येते ताई, माणूस काढता येत नाही.

त्याच आठवड्यात टिल्लीने घरी सांगितलं की फोटोवाला स्टुडिओ हलवतोय. दूरच्या शहरात, मोठ्या रस्त्यावर. तिनेही बरोबर यावं असं त्याचं म्हणणं. आधी लग्न करू, कॉलेजचं पुढे बघू, तिथेही कॉलेजं आहेतच. तिने रविवारपर्यंत हो सांगायचं होतं. विचार करून सांग, असं तो म्हणाला नव्हता. हो सांग, असं म्हणाला होता.

रेडिओबाईने जे कोणीही विचारलं असतं तेच विचारलं. वयाचं काय, घाई कशाला, आईबाबांना विचारलंस का. टिल्लीकडे उत्तरं तयार होती. वयाने काय होतं, त्याला माझी काळजी वाटते, मी कुठे आहे हे कळलं नाही तर त्याला जेवण जात नाही, असं प्रेम कोण करतं आजकाल?

"आणि आत्या, तूच तर वाचलंस," ती म्हणाली. "इतकं मनापासून वाचलंस. मग आता काय झालं?"

भावाला कळवलं तर तो येऊन मुलीला हाताला धरून नेईल आणि मुलगी महिन्याभरात खिडकीतून उडी मारून जाईल, हे रेडिओबाईला ठाऊक होतं. चौथ्या भागात नायिका हेच करते. शेवटी ती आपली सगळी विद्या त्याच्या पायाशी ठेवते आणि त्याच्यासारखी होते, म्हणजे मरते, पण सुंदर दिसत राहते. संपादिकेच्या मते हा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग होता.

रविवारी दुपारी दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. मधे वर्तमानपत्र, त्यावर टरफलांचा ढीग. आजी आतल्या पलंगावर पडून होती. टिल्लीच्या एका कानात बोंड होतं. काय ऐकतेय, असं आत्याने विचारलं. दुसरा भाग, पुन्हा, टिल्ली म्हणाली, खिडकीचा प्रसंग.

"आजीला त्या दिवशी भास नव्हता झाला," रेडिओबाई म्हणाली. "तो आवाज तुझ्या काकांचा आहे. माझ्या नवऱ्याचा."

मग तिने सांगितलं. खुर्चीचं, केसांच्या वासाचं, मैत्रिणींचं. रडून सांगितलं नाही, आवाज चढवून सांगितलं नाही, बाजारभाव वाचावेत तसं सांगितलं. शेवटी म्हणाली की मला हे वाचताना कळायला हवं होतं, कळलं नाही, तुझ्या आजीला कळलं.

टिल्लीने कानातलं बोंड काढलं. त्याच्याकडे पाहिलं. त्यावर कानातला मळ लागलेला असतो तसा थोडा लागलेला होता. तिने ते बोटांच्या चिमटीत धरून वर्तमानपत्रावर, टरफलांत टाकलं आणि कान ओढणीच्या टोकाने पुसला. मग दुसराही पुसला.

"शी," ती म्हणाली.

रेडिओबाईला वाटलं की झालं. पण मुलगी मूर्ख नव्हती आणि विषय सोडणारीही नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली की काकांचं ऐकून वाईट वाटलं, तुझं फार वाईट वाटलं, पण याचा आवाज असा कुठे आहे? याचा तर चिरका आहे, तूच हसतेस त्याला. हा तसा नाहीये, आत्या. जन्मभर माणसं आवाजावरून ओळखण्याचा रेडिओबाईचा धंदा, आणि आवाजावरून पाहिलं तर मुलगी बरोबर होती.

तेवढ्यात फोन वाजला. टिल्लीचे हात मटाराने चिकट झाले होते. तिने करंगळीने फोन उचलला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

"कुठेस?" फोटोवाला म्हणाला. तोच पातळ, घाईचा, नाकातला आवाज. "किती वेळ उचलायला? मघाशी केला तर लागत नव्हता. कोणाशी बोलत होतीस? नाही, मी आपलं विचारतोय. मला काळजी वाटते म्हणून. नाहीतर मला काय."

आतून आजीचा आवाज आला, खणखणीत.

"जावईबापू ना गं? सांग त्यांना, ती इथेच आहे म्हणावं. सकाळपासून घरातच आहे, कुठ्ठे गेली नाही. मी बघतेय ना."

रेडिओबाईचे हात थांबले. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ती माहेरी असताना विमा एजंटाचा फोन यायचा तेव्हा आई शब्दन् शब्द हेच म्हणायची, असंच, ग्वाही दिल्यासारखं.

"आई, तो नाही तो," ती म्हणाली. "आवाज तरी तसा आहे का?"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस?" आई वैतागून म्हणाली. "असं दुसरं कोण विचारतं?"

फोनमधून फोटोवाला विचारत होता की मागे कोण बोलतंय, कोण आलंय घरी. मग म्हणाला, कॅमेरा लाव बरं, बघू दे.

टिल्ली आतल्या दाराकडे बघत होती. तिच्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती. तेवढ्यात पलीकडून तिचं नाव तीनदा आलं, तिन्ही वेळा थोडं थोडं वर चढत.

"मटार सोलतेय," ती म्हणाली. "हात खराब आहेत." आणि तिने करंगळीनेच फोन बंद केला.

तो लगेच पुन्हा वाजला. तिने तो पालथा घातला. तो थरथरत टेबलावरून सरकत गेला आणि टरफलांच्या ढिगात घुसून तिथेच घुमत राहिला, एखादा किडा पालीच्या तोंडात सापडावा तसा. कोणी उचलला नाही. मटार संपेपर्यंत दोघींनी सोलले. टिल्लीने उठून हात धुतले, फोन पुसला आणि आत्याकडे पाठ करून परवलीचा शब्द बदलला.

एवढ्यावर संपतं, असं नाही. ती स्टुडिओत आपली छत्री आणि डबा आणायला गेली तेव्हा बरोबर आत्या आणि कानसेन होते. कानसेन दारात नुसता उभा राहिला, पण त्याने दार जवळजवळ भरलं. फोटोवाला गल्ल्यामागे रडला. नंतर बरेच दिवस संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर येऊन खिडकीकडे बघत उभा राहायचा. पुस्तकात हे वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मुलगी स्वतःच्या घरात दिवा लावायला घाबरते, मागच्या जिन्याने जाते, आणि रस्त्यावर कोणी नुसतं खोकलं तरी उठून दाराची कडी पुन्हा तपासते. शेवटी पोलिसांत जावं लागलं. मग तो त्या दूरच्या शहरात गेला. तिथे त्याचा स्टुडिओ चांगला चालतो, असं म्हणतात. मदतीला एक मुलगी ठेवली आहे, असंही म्हणतात. टिल्लीने हे ऐकलं तेव्हा ताट बाजूला सारलं.

चौथा भाग रेडिओबाईने वाचला. ठरल्याप्रमाणे शब्द बदलला नाही, आवाजही बदलला नाही. फक्त या वेळी तो कोणाचा आहे हे तिला माहीत होतं आणि तिने त्यात काही झाकलं नाही. नायक नायिकेला म्हणतो, आता तू कायमची माझी, तेव्हा शब्दांमधल्या जागा तिने तेवढ्याच सोडल्या जेवढ्या तो सोडायचा. टोमॅटोही पुन्हा खाल्ले, बादली शेजारी घेऊन. वाचून झाल्यावर कानसेनने हेडफोन काढून ठेवले आणि हात धुऊन येतो म्हणाला.

तक्रारी आल्या. नायक शेवटी किळसवाणा वाटतो, मुलींनी लिहिलं, अंगावर पाल चढल्यासारखं होतं, आधीचाच आवाज आहे तरी असं का वाटतं कळत नाही, मधेच थांबवलं. संपादिकेने पुन्हा वाचायला सांगितलं. रेडिओबाईने जे लिहिलंय तेच वाचलंय म्हणून सांगितलं आणि गेली नाही. पुढची मालिका, लांडग्यांची, दुसऱ्या बाईला मिळाली.

ती अजून वाचते. बागकामाची पुस्तकं, मुलांच्या गोष्टी, अधूनमधून एखादी कादंबरी. टिल्ली शेवटच्या वर्षाला आहे आणि कानांत काही घालत नाही. नवं पुस्तक आलं की रेडिओबाई आता एक करते. आईच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते आणि नव्या माणसाच्या आवाजात दोन-चार वाक्यं बोलून दाखवते. कोण आहे ते, असं आईने विचारलं की आवाज पक्का.

मागच्या महिन्यात एका जादूगाराचा आवाज बसवायचा होता. तिने तो बोलून दाखवला. आईने मान तिरकी करून ऐकलं, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, चहा टाकायचा का?

तो आवाज तिने घेतला नाही.